पूनमचा करदोडा

आजीनं नातीला पायांवर उपडी घातली होती आणि तिच्या पाठीला खोबरेल चोळणं चाललं होतं. मी विहिरीच्या काठावर दात घासत उभी होते. पोरगी पाय झाडायची आणि दर वेळी बारीक किणकिण ऐकू यायची. चांदीची नव्हे, चांदी अशी वाजत नाही. मी सहज वाकून पाहिलं. दीड वर्षाच्या त्या पोरीच्या कमरेला काळा करदोडा होता, आणि त्यात ओवलेल्या सात बारक्या, पांढुरक्या कड्या. एकीवर आकडे होते.

तोंडात पेस्टचा फेस होता, तरी मी ओरडले, "ह्या कुठून आणल्यात तुम्ही?"

आजीनं चटकन पंचा ओढून पोरीच्या कमरेवर टाकला. "काय नाय गो ता. बाजारातला आसा," ती म्हणाली आणि आत हाक मारली, "सुचिता, चेडवाक आत घे."

सून आली, तेलानं माखलेली पोरगी उचलून घेऊन गेली. आजी उठली, परकरासारखी खोचलेली साडी सोडली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. दार लागलं. मी तशीच उभी, ब्रश हातात आणि फेस हनुवटीवर.

माझं नाव मृदुला. बारशाला हे नाव सुचवणाऱ्या आत्यानं पुढं आयुष्यभर माफी मागितली. माझ्या जिभेला हाड नाही हे मला तेव्हाही ठाऊक होतं, पण ते महागात पडतं हे त्या सकाळी कळायला लागलं.

ही गोष्ट एकोणतीस वर्षांपूर्वीची, भादव्यातली. गौरी-गणपती नुकते गेले होते. नाडगौडा सर आणि मी मालवणच्या बाजूच्या एका खाडीवर पक्ष्यांना कड्या घालायला गेलो होतो. पावसाचा जोर ओसरला की उत्तरेकडून पाखरं यायला लागतात. चिखल्ये, तुतवार, कोरल, असली लांब पायांची, चिखलात चोची खुपसून खाणारी. थेट सैबेरियातून निघालेली काही असतात. आम्ही पहाटे आणि तिन्हीसांजेला त्यांना अलगद जाळ्यात धरायचो, वजन करायचो, पायात नंबर असलेली ॲल्युमिनियमची कडी घालायचो आणि सोडून द्यायचो. पुढं कुणाला तरी, कुठं तरी तो पक्षी सापडावा, त्यानं नंबर आम्हाला कळवावा, एवढीच सगळी आशा. कळवलं तर समजतं की पाखरू कुठून कुठं गेलं. नाही कळवलं तर तुम्ही नुसत्या कड्या वाटत सुटलात.

आम्ही सात वर्षं नुसत्या कड्या वाटत होतो. साडेचार हजारांवर पक्षी झाले आणि एकाही कडीची खबर आली नाही. त्या वर्षी आम्हाला पाठवणाऱ्या संस्थेनं स्पष्ट लिहिलं होतं, ह्या मोसमात एकही कडी परत आली नाही तर खाडीचं काम बंद. सर ऑक्टोबरात निवृत्त होणार होते. म्हणजे सात वर्षांचं काम एक मोठं शून्य घेऊन कपाटात जाणार. सर त्याबद्दल अवाक्षर बोलत नव्हते. माझ्या मात्र डोक्यात दिवसरात्र तेच होतं, कारण त्या माणसानं मला एम.एस्सी.पासून शिकवलं होतं, आणि त्यांना रिकाम्या हातानं घरी गेलेलं मला बघवणार नव्हतं.

त्या वर्षी शाळेची खोली गळत होती, म्हणून आम्ही तारींच्या घरी उतरलो होतो. सर पडवीत, मी माजघरात. घरात भागीरथी आजी, सून सुचिता आणि नात पूनम. मुलगा ट्रॉलरवर होता. आदल्याच संध्याकाळी सरांनी दुर्बिणीतून खेकडे फोडून खाणारा काळा-पांढरा, जाड चोचीचा एक पक्षी पाहिला होता. कोकणात तो फार क्वचित दिसतो. सर इतके खूश होते की जेवताना दोनदा मीठ मागितलं आणि दोन्हीदा घालायचं विसरले.

मी तोंड धुऊन धावत पडवीत गेले. सर पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून जाळ्याला पडलेलं भोक शिवत बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी सुई थांबवली.

"किती?"

"सात. एकीवरचे आकडे मी स्वतः पाहिले. आपल्याच आहेत सर, आपल्याच असणार!"

त्यांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली. मला वाटलं, उठतील, आत जातील, काहीतरी करतील. त्यांनी विचारलं, "तू ओरडलीस का?"

"थोडीशी."

"हं," म्हणाले आणि पुन्हा सुई चालू केली.

त्या दिवशी आम्हाला चहा मिळाला नाही. म्हणजे मिळाला, पण पेले उंबऱ्यावर ठेवलेले होते आणि ठेवणारं माणूस दिसलं नाही. मी दुपारी मागच्या दारी गेले. सुचिता मासे कापत होती. मी जवळ बसले आणि जमेल तितक्या गोड आवाजात विचारलं की त्या कड्या मला फक्त बघायला मिळतील का. तिनं मान वर केली नाही. आमच्याकडे काही नाही म्हणाली. मी म्हटलं, अगं, मी डोळ्यांनी पाहिल्या. तिनं विळी बाजूला ठेवली.

"ताई, बोर्डार तुमीच लिवलास ना? तीन वर्सां तुरुंग. माझो घोव थंय दर्यात आसा. हय घरात पोलीस इले तर मी काय करू?"

तिनं पुन्हा विळी ओढली आणि बांगडा कापायला घेतला.

मी उठून चालत सुटले ती बोर्डापर्यंत गेले. होडीच्या धक्क्यावर, गावात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तो होता. सात वर्षांपूर्वी, शिकाऊ असताना, तो मीच रंगवला होता. सरांनी मला एकच वाक्य लिहायला सांगितलं होतं, की पक्ष्याच्या पायात कडी आढळल्यास खालील पत्त्यावर कळवावे. मला ते मिळमिळीत वाटलं. मग मी वर हातभर मोठ्या तांबड्या अक्षरांत लिहिलं, "पक्षी पकडणे, मारणे, खाणे गुन्हा आहे. तीन वर्षे तुरुंगवास." आणि त्याखाली, उरलेल्या जागेत, बारीक काळ्या अक्षरांत सरांचं वाक्य. खाऱ्या वाऱ्यानं रंग उडायचा, म्हणून दरवर्षी आल्या आल्या तांबड्या ओळीला मी नवा हात द्यायची. काळ्या ओळीला कधी दिला नाही, आणि आता तर ती वाचताही येत नव्हती.

कडी आढळली हे कळवायचं म्हणजे पक्षी हातात आला होता हे कबूल करायचं. कोण कळवणार होतं? साडेचार हजार पक्ष्यांची तोंडं मी एका ब्रशनं बंद केली होती. मला तिथंच रडू आलं. चारचौघांत रडायची मला सवय नाही, म्हणून मी धक्क्याकडे पाठ करून रडले.

मग दुकानातून चुना आणला. बादलीत कालवला आणि तांबडी ओळ फासून टाकायला सुरुवात केली. धक्क्यावर जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्यांची करमणूक झाली. एकानं विचारलं, "कायदो बदललो काय, बाय?"

"कायदा तोच आहे," मी म्हटलं. "अक्कल बदलली."

ते हसले. मी हसले नाही. चुना वाळल्यावर काळ्या रंगानं, मोठ्या अक्षरांत, एवढंच लिहिलं, "कडी मिळाली तर सांगा. कुणाला काही होणार नाही." तोवर संध्याकाळची भरती लागली होती आणि माझ्या कोपरापर्यंत चुना होता.

घरी परतले तेव्हा आजी पायरीवर बसली होती. गावात बातमी माझ्या आधी पोचते, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मी तिच्यासमोर खाली, अंगणातच बसले आणि म्हटलं, "आजी, सकाळी मी ओरडले ते चुकलं. बोर्डही माझंच चुकलं. सरांनी तसं लिहायला सांगितलं नव्हतं."

आजी उठली. आत गेली आणि खोबरेलाची वाटी आणून माझ्यासमोर ठेवली. चुन्यानं हात फुटतात. मी तेल चोळलं आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, कोंबड्या आत जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी पहाटेची जाळी काढून आलो तर आजीनं न्हाणीकडून हाक मारली, "ये गो. हिका धर."

तेलानं माखलेलं मूल धरणं हे पक्षी धरण्यापेक्षा अवघड काम आहे. पाखराला निदान मान कुठं, पंख कुठं हे तरी ठरलेलं असतं. पूनम चारही बाजूंनी निसटत होती आणि वर खिदळत होती. आजी म्हणाली, "घट धर, निसटतली." सर पडवीतच थांबले होते. बायकांच्या न्हाणीत कसं यायचं म्हणून त्यांनी पाठ करून खुर्ची ठेवली, मांडीवर रजिस्टर आणि शेजारी जुन्या रजिस्टरांचा ढीग.

मी करदोडा फिरवून पहिली कडी वर आणली. घासून अंधूक झालेला नंबर राखेनं पुसून मोठ्यानं वाचला. पाठीमागं पानं फडफडली.

"आपलीच," सरांचा आवाज आला. "छोटा चिखल्या. सहा वर्षांपूर्वी घातलेली." मग थोडं थांबून, जरा हळू, "पण पुन्हा कधी सापडला? तारखेशिवाय नुसता नंबर काय कामाचा."

हे खरंच होतं. नंबर मिळाला तर फक्त इतकं कळणार की हा पक्षी मेला. कधी आणि कुठं हे कळलं नाही तर संस्था ते कागदावरही घेणार नव्हती. आजीला मराठी वाचताही येत नव्हतं.

आजीनं कडी दोन बोटांत धरली. "ही?" म्हणाली. "ही सुचिताच्या लग्नाच्या वर्साची. चवथीच्या आदी तीन दीस. खाडीच्या तोंडाक खुंटावयल्या जाळ्यात गावली, पाय गुतललो. मखराचा सामान आणूक आमचो म्हातारो बाजारात गेल्लो, परत येताना घेवन इलो."

सुचितानं देव्हाऱ्याखालची सहा-सात वर्षांची पंचांगं सरांना आणून दिली आणि लग्नाचं सालही सांगितलं. पानं उलटल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "एकोणतीस ऑगस्ट." त्यांनी रकान्यात तारीख भरली. "मृदुला, पुढची."

पुढची सर्वपित्रीची. जेवायला बोलावलेला पाहुणा आला नव्हता, म्हणून आजीला पक्की आठवत होती. तिसरी, जावेचा मुलगा दहावी नापास झाला त्या वर्षाची, गौरी जेवल्या त्या दिवशी. चौथी नारळी पौर्णिमेला, पहिल्या होड्या सुटल्या त्या सकाळी. आजीच्या डोक्यात तारखा नव्हत्या, सण होते, आणि प्रत्येक सणाला एक गोष्ट अडकवलेली होती. ती सांगत होती आणि सर शोधून महिना नि तारीख लावत होते. पाचवी कडी आमची नव्हतीच. तिच्यावर रोमन लिपीत मॉस्को असं कोरलेलं होतं. मी ते वाचलं आणि पडवीतली खुर्ची करकरली. सर उभे राहिले होते, पाठ आमच्याकडेच ठेवून.

"आमी ती खाल्ली," आजी मध्येच म्हणाली. "खोटा कित्याक सांगू. म्हाताऱ्याक आवडायची. आता तीन वर्सां झाली म्हातारो जावन, आता कोण नाय मारणा."

सर म्हणाले, "आजी, पुढं कधी जाळ्यात गावली तर सोडून द्या आणि मला सांगा. झालं गेलं त्याचं काही नाही."

सातवी कडी सर्वांत झिजलेली होती. मी राखेनं घासून घासून नंबर काढला. सरांनी पहिलंच रजिस्टर उघडलं, पहिल्याच वर्षाचं. हा पक्षी आम्ही ह्याच खाडीत, ह्याच चिखलात धरला होता, आणि चार वर्षांनी तो पुन्हा इथंच सापडला, शंभर पावलांच्या आत. मधल्या काळात तो निदान चार वेळा हिमालय ओलांडून गेला-आला होता. सरांनी ते मोठ्यानं सांगितलं आणि मग चष्मा काढून पुसत बसले. मीही डोळे पुसले असते, पण माझे दोन्ही हात पूनमनं अडकवले होते.

मी आजीला विचारलं, "पण ह्या पोरीच्या कमरेला का बांधल्या?"

आजी पोरीच्या डोक्यावर पाणी घालत होती. तांब्या खाली ठेवला. सुचिताची पहिली दोन मुलं टिकली नव्हती, एक सव्वा महिन्याचं होऊन गेलं, एकानं डोळेच उघडले नाहीत. हे सांगताना तिनं सुचिता जवळ नाही ना, हे पाहून घेतलं.

"जायच्या आदी म्हाताऱ्यान माका सांगल्यान, ही पाखरां खंय खंय जातत, पन भादव्यात परत ह्याच चिखलात येतत. आता पोर झाला तर ह्यो कडये तेच्या कमराक बांध. पोर खंय जावचा नाय. आनि गेला तरी परत येतला." तिनं पूनमला पंच्यात गुंडाळलं आणि छातीशी धरलं. मग पडवीकडे बघून म्हणाली, "घेवन जातलास काय ह्यो, मास्तरानू?"

सकाळपासून तिनं हेच मनात धरून ठेवलं होतं. आमचा मोसम त्या करदोड्यात होता आणि तिची नातही त्यातच. संस्थेचा नियम होता की मृत पक्ष्याची कडी जमा करायची. मी सरांकडे बघितलं.

"नाही आजी," सर म्हणाले. "मला पाहिजे होतं ते तुम्ही सांगितलंत. कड्या तिच्या."

आजीनं पदर डोळ्यांना लावला. सर आत गेले आणि कड्यांचा डबा घेऊन आले. त्यातली सर्वांत मोठी, कोरलाच्या पायात घालतात ती, काढली. आजीला विचारलं, आमच्याकडून ही एक घालू का. आजीनं करदोडा पुढं केला. ती आठवी कडी सरांनी स्वतः ओवली. मग रजिस्टर उघडून त्यांनी नेहमीच्या रकान्यांत नेहमीच्या अक्षरांत लिहायला घेतलं. कडी क्रमांक. जात, माणूस. मादी. वय दीड वर्ष. वजनाशी ते अडले, कारण आमचा काटा एक किलोच्या पुढं जात नव्हता. सुचितानं दारातूनच सांगितलं, अंगणवाडीत नऊ भरलं होतं. दोन दिवसांत पहिल्यांदा ती माझ्यासमोर हसली. अवस्थेच्या रकान्यात सरांनी लिहिलं, "सुस्थितीत सोडली."

त्या संध्याकाळी आजीला आम्ही खाडीवर नेलं आणि दुर्बिणीतून तो काळा-पांढरा दुर्मीळ पाहुणा दाखवला. सर हात मागं बांधून, आता ती चकित होईल म्हणून वाट बघत उभे. आजीनं डोळा लावला, बघितलं आणि म्हणाली, "हो? हो दर वर्सा येता. गौरी गेल्यार चार दिसांनी. दोगे आसतत." सरांनी मुकाट्यानं वही काढली आणि ते लिहून घेतलं.

पाच कड्या आमच्या, एक मॉस्कोची, आणि एक कुठली ते पुढं वर्षभर पत्रव्यवहार करून कळलं, चीनमधली. नवा बोर्ड लागल्यावर गावातून आणखी एकोणीस आल्या. कुणी किल्ल्यांच्या जुडग्यात घातली होती, कुणी जाळ्याच्या दोरीला. खाडीचं काम बंद झालं नाही. सर निवृत्त झाल्यावर अकरा वर्षं मी ते चालवलं. आजी मधेच गेली. पुढं माझी बदली झाली, मग मीही निवृत्त झाले.

गेल्या भादव्याच्या तोंडावर मला एक ई-मेल आला. पाठवणारी पूनम तारी, नर्स, आयर्लंडमध्ये गॉलवे नावाच्या समुद्रकाठच्या गावी. माझा पत्ता तिनं कुठून मिळवला देव जाणे. कडी कळवायच्या आमच्या जुन्या छापील पत्रकाच्या धर्तीवर तिनं सगळं भरलं होतं. कडी क्रमांक बरोबर, सरांनी ओवलेल्या आठव्या कडीचा. ठिकाण, तारीख. कसा आढळला ह्यापुढं, "इस्पितळाच्या मागच्या चिखलात कोरल बघताना." अवस्था, "सुस्थितीत." वजनापुढं, "सांगणार नाही." खाली दोन ओळी. करदोडा आईनं जपून ठेवला होता, इकडे येताना पर्समध्ये दिला. चतुर्थीला घरी येत आहे.

मी तो मेल छापून घेतला आणि सांगलीला सरांकडे गेले. ते सत्त्याऐंशीचे आहेत, कानांनी कमी ऐकू येतं. मी कानाशी ओरडून क्रमांक वाचला, ओरडायला मला कधीच अडचण नव्हती. त्यांना तो लगेच आठवला नाही. कपाटातून त्या वर्षाचं जपून ठेवलेलं रजिस्टर काढायला लावलं, बोटानं पान शोधलं, ओळ सापडली आणि ते बोट तिथंच राहिलं.

मग त्यांनी प्रत्येक कडीला विचारायचे तेच प्रश्न विचारले.

"ठिकाण?"

मी सांगितलं.

"तारीख?"

सांगितली.

"कळवलं कुणी?"

"तिनंच, सर."

त्यांनी पेन मागितलं. तिच्या ओळीतला, कडी पुन्हा सापडल्याचा रकाना एकोणतीस वर्षं कोरा होता. त्यात तारीख घातली, ठिकाण घातलं, आणि कळवणाऱ्याच्या नावापाशी जरा थांबून लिहिलं, "पक्षी स्वतः."